चालणाऱ्याची भाकर

आमच्या घरात शेवटची भाकर जाड असायची. परातीतलं पीठ संपत आलं की अम्मी कडेचं, तळाचं सगळं खरवडून एकच गोळा करायची आणि त्याची अशी जाड भाकर थापायची की ती तव्यावर फुगायची नाही, नुसती तापत राहायची. मग तिला चुलीच्या आरावर उभी करून बराच वेळ शेकावं लागे. वर तेलाचे दोन थेंब आणि जवसाची चटणी. ही भाकर वाटणीत धरायची नाही. बाकीच्या भाकरी सगळ्यांना सारख्या, ही मात्र त्या दिवशी घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त चाललं असेल त्याची. अब्बांचे वडील ही रीत लावून गेले होते. ते म्हणायचे म्हणे, "पायाले वेगळं पोट असते. ते भरलं नाई तं पाय वरच्या पोटातलं चोरून खाते." मी आजोबांना पाहिलं नाही, पण त्यांचं हे वाक्य घरात तांब्या-परातीसारखं होतं, रोजच्या वापरातलं. त्यात काही विशेष आहे असं कोणाला वाटायचं नाही.

आम्ही रिसोडचे मनियार, म्हणजे बांगड्या भरणारे. अब्बा डोक्यावर टोपली घेऊन खेडी फिरायचे. त्यामुळे ती जाड भाकर रोज त्यांचीच असायची, त्यावर कधी वाद झाला नाही. सकाळी घरात दोन आवाज असत. एक अम्मीच्या थापण्याचा, आणि दुसरा अब्बांचा. ते ओट्यावर बसून एकेक बांगडी नखानं टिचकी मारून तपासायचे. चांगली काच नाजूक वाजते, तडकलेली बद्द वाजते. बद्द वाजली की ती बाजूला. रात्री कोणी बोललं नसेल, भांडण झालं असेल, घरात दुखणं असेल, तरी सकाळी हे दोन आवाज व्हायचेच, आणि मी गोधडीत पडल्या पडल्या त्यावरून ओळखायची की घर चालू आहे. बांगड्या गुंडाळायला रद्दी यायची. शाळेत मी जेमतेम गेले, पण त्या रद्दीवरची अक्षरं जोडत जोडत मी मराठी वाचायला शिकले. म्हणून माझ्या लिहिण्यात कधी वर्तमानपत्रासारखं बोलणं येतं, कधी चुलीजवळचं. आमच्या घरात तर उर्दू आणि वऱ्हाडी एकाच ताटात कालवलेली असायची. इथं मी सगळ्यांना वऱ्हाडीच बोलायला लावलंय. वाचणाऱ्याला सोपं जावं, एवढंच कारण.

अब्बा परत यायचे तेव्हा बोलायचे नाहीत. टोपली उतरवायची, ओट्यावर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे. अम्मी ताट आणायची. पातळ बेसन, नाहीतर अंबाडीची भाजी, कांदा, आणि सगळ्यात शेवटी ती जाड भाकर. ती ते फार सावकाश खायचे. चावताना त्यांच्या कानशिलावरची शीर वरखाली व्हायची आणि मी समोर बसून ती बघत राहायची. भाकर संपली की ते पहिल्यांदा बोलायचे, "जुबू, पाणी दे." मगच ते खरे घरी आल्यासारखे वाटायचे. त्याआधी नुसतं त्यांचं शरीर आलेलं असायचं.

माझा मोठा भाऊ रफीक. त्याला तेव्हा मिशा फुटून बरेच दिवस झाले होते आणि तो बाजारात एका दुकानावर बसून कंटाळला होता. आणि अम्मीचा भाऊ, हमीदमामू, त्याचं वाशीमला सायकलचं दुकान. हा मामू एका सकाळी वाशीमहून निघून सायकलवर आमच्या दारात येऊन उतरला. घाम फक्त कपाळावर. उतरला तो शीळ घालत.

"भाऊ, जेवाले वाढू?" अम्मी लगबगीनं उठली.

"कायले वं? भूकच नाई लागली. बसून तं आलो." मामूनं सायकलच्या सीटवर थाप मारली. "चहा टाक फक्त."

अम्मी त्याच्याकडे बघतच राहिली. वाशीमहून आलेला माणूस आणि त्याला भूक नाही. मामू बोलण्यात वस्ताद. चहा पिता पिता त्यानं अब्बांना सगळं समजावलं. माणूस चालतो तेव्हा दर पावलाला आपलं अंग उचलतो आणि खाली ठेवतो, उचलतो आणि ठेवतो. सायकलवर अंग सीटवर ठेवलेलं असतं, पायाला फक्त फिरवायचं काम. एका भाकरीत चालणारा एक गाव गाठत असेल तर सायकलवाला त्याच भाकरीत तीन-चार गावं गाठतो. "दुल्हाभाई, पाय झिजवता काहून? ही माह्याकडून बहिणीच्या घराले." सायकल काळी होती, वापरलेली, पण मामूनं तिला पुसून तेल देऊन अशी केली होती की चाक फिरवलं तर आवाजच येत नव्हता. मामू एसटीनं परत गेला. सायकल आमच्या भिंतीला टेकून उभी राहिली, नवी सून आल्यासारखी, आणि घरातले सगळे तिच्याजवळून जाताना जरा अंग चोरून जाऊ लागले.

अब्बा त्या वयात सायकल शिकले. ईदगाहच्या मैदानावर रफीक मागून धरून पळायचा. अब्बांना चढता यायला लागलं, चालवता यायला लागलं, पण उतरता येईना. ते मैदानाला घिरट्या घालत राहायचे आणि ओरडायचे, "धर बे रफीक, धर! कुठं मेला?" रफीक हसून हसून खाली बसलेला. एकदा धरायला कोणीच नव्हतं तेव्हा त्यांनी नीट विचार करून शेणाच्या उकिरड्यात सायकल घातली. मोहल्ल्यातल्या बाया दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मनियारभाई, हातात बांगड्या भरा, म्हणजे पडल्यावर आवाज तरी येईन." अम्मी तोंडात पदर कोंबून आत पळाली. आमच्या घरात मोठ्यानं हसलेलं मला आठवतं ते बहुतेक त्या आठवड्यातलंच.

सायकलवर काच न्यायची म्हणजे टोपली चालत नाही. मामूनं कॅरिअरवर बसेल अशी लाकडी पेटी करून पाठवली होती. तिच्यात खाली कुटार, म्हणजे भुसा, मध्ये रद्दीत गुंडाळलेल्या बांगड्या, वर पुन्हा कुटार. अब्बा पहिल्या दिवशी निघाले आणि ऊन कलायच्या आत परत आले. आणि येताच बोलायला लागले! कोणत्या गावात काय पाहिलं, कोणाच्या घरी पाळणा हालला, उतारावर कशी सायकल आपोआप पळते. पाय पाण्यात सोडायचंही विसरले. अम्मीनं ताट आणलं आणि शेवटी जाड भाकर ठेवली. अब्बांनी ती उचलून परत तिच्या हातात दिली.

"आज मी चाललो कुठं? बसून आलो. चालला असन त्याले दे."

चालला होता रफीक. अब्बा सायकलवर दूरच्या गावांना गेले म्हणून अम्मीनं त्याला जुनी टोपली देऊन जवळच्या वाड्यांवर धाडलं होतं. त्याचे पाय सुजले होते. त्यानं ती भाकर घेतली तेव्हा तो लाजला होता, आणि अब्बा त्याच्याकडे असे बघत होते जणू ती भाकर म्हणजे फेटाच आहे आणि तो त्यांनी पोराच्या डोक्यावर बांधलाय. अम्मी म्हणाली, "खरंच हाये. बसल्या माणसाचं पोट लवकर भरते." कोणी हुकूम केला नाही, कोणी काही ठरवलं नाही. त्या दिवसापासून मात्र जाड भाकर रफीककडे गेली आणि अब्बा बसणाऱ्यांच्या वाटणीत आले. मी, अम्मी आणि अब्बा, तिघांना सारखं.

पुढचं जे झालं ते इतकं हळूहळू झालं की त्याची सुरुवात कुठली हे आजही मला बोट ठेवून दाखवता येत नाही. पायी अब्बा दिवसाला एखाद-दुसरं गाव करायचे. सायकलवर ते तीन करू लागले. मग म्हणाले, पलीकडचं एक राह्यलं, ते बी उरकतो. मग त्याच्या पलीकडचं. बायांनाही सवय झाली. सायकलची घंटी वाजली की "मनियार आला वं!" म्हणत लेकी-सुना ओट्यावर. एकदा तर ते पार जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत गेले. रात्री तिथल्याच मशिदीत झोपले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. दोन दिवस घरात तीच गोष्ट. आगगाडी कशी थांबली, डब्यातल्या बायांनी खिडकीतून हात बाहेर काढले आणि गाडी हलायच्या आत त्यांनी दोघींच्या हातात बांगड्या कशा भरल्या. अम्मी ज्याला त्याला सांगायची, "एवढं फिरून आला माणूस, पण दमला म्हणून नाई." आणि ती खोटं बोलत नव्हती. एकेक गाव धरलं तर ते खरंच दमत नव्हते.

पण ते वाळत होते. पायजम्याची नाडी जास्त जास्त ओढली जायची, टोक लांब लोंबायचं. कमरेच्या पैशाच्या पट्ट्याला रफीकनं खिळ्यानं नवं छिद्र पाडून दिलं. अम्मी म्हणायची उन्हाचं असेल. अब्बा म्हणायचे, "अंग हलकं झालं तं सायकलले बरं." कधी संध्याकाळी ते पुन्हा न बोलता येऊ लागले. ताटातलं संपवायचे आणि रिकाम्या ताटाकडे थोडा वेळ बघायचे, मग हात धुवायचे. मी ते बघायची. वाढू का विचारलं तर म्हणायचे, "बस झालं."

लग्नसराईत एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी चुडा भरायचं बोलावणं आलं. लग्नघरी सगळ्या बायांचे हात भरायचे असतात, एकटा माणूस पुरत नाही, म्हणून बांगड्या काढून द्यायला अब्बांनी मला सोबत घेतलं. मी दांड्यावर बसले. पक्का रस्ता, सकाळची वेळ, आणि मागून अब्बांचा श्वास माझ्या मानेवर. इतका शांत श्वास. ते पायडल मारत होते आणि गोष्टी सांगत होते. चालताना कधी गोष्टी सांगायचे नाहीत, सायकलवर सांगत होते. मला वाटलं, मामू म्हणतो ते खरंच आहे, ही मेहनतच नाही, हा तर झोपाळा आहे. बाभळी मागे पळत होत्या. एका चढावर मात्र गोष्ट मध्येच थांबली आणि चढ संपल्यावर पुन्हा सुरू झाली, मधला तुकडा गाळून.

लग्नघरी नवरीची मावशी मोठी तोंडाळ होती. "मनियारभाऊ, तुमी अर्धेच राह्यले की! बाकीचे अर्धे सायकल खाते का?" अब्बा हसले. "सायकल कायले खाते बाई? तिच्याइतकं कमी खाणारं जनावर नाई." नवरीचे हात नांगर-वखराच्या घरचे, हाडं रुंद, आणि तिला हट्टानं लहान मापाच्या हिरव्या बांगड्या पाहिजे होत्या. "मोठ्या घातल्या तं सासू म्हणन म्हातारीचे हात हायेत." अब्बांनी तिचा पंजा हातात घेऊन साबणाच्या पाण्यात दाबत दाबत असा नरम केला की एकेक बांगडी तिला कळायच्या आत मनगटावर. ती रडायला आणि हसायला एकदमच लागली. घरधनीण जेवायला थांबा म्हणाली, पण अब्बा म्हणाले उशीर होईल. तिनं शिदोरी बांधून दिली आणि चुड्याच्या रितीची ज्वारी, भरलेलं गाठोडं.

येताना कॅरिअरवर पेटी, पेटीवर गाठोडं आणि दांड्यावर मी. पक्क्या रस्त्यापर्यंत शेतांमधली बैलगाडीची वाट होती आणि आम्ही तिच्या मधोमध असताना अवकाळी पाऊस आला. आमच्याकडची काळी माती ज्यानं तुडवली नाही त्याला हे कळायचं नाही. ती पायाला चिकटते तशी चाकाला चिकटते, पण पाय झटकता येतो. माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च भरली. चाक फिरेना. अब्बांनी काडी घेऊन ती कोरली, दहा पावलांत पुन्हा भरली. पुन्हा कोरली. शेवटी त्यांनी सायकल खांद्यावर घेतली. मला म्हणाले, तू पेटीजवळ उभी राह्य. ते सायकल घेऊन पुढं जायचे, ती ठेवून मागं यायचे, पेटी उचलून पुन्हा पुढं. मी गाठोडं डोक्यावर घेऊन मागे. म्हणजे मी ती वाट एकदा चालले आणि अब्बा तीच वाट तीनदा चालले. भिजलेला सदरा अंगाला चिकटला होता आणि त्याच्या आतून त्यांच्या खांद्यांचे फरे मला दिसत होते, तारेवर वाळत घातलेल्या कपड्यातून तार दिसते तसे.

एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ते बसले. हात छातीवर. "वारा भरला," म्हणाले. मी शिदोरी सोडली.

"तू खाय."

"तुमी, अब्बा?"

"मले नाई भूक. मी तं बसून–" आणि ते थांबले. सायकल अजून त्यांच्या मांडीवर आडवी होती. ते हसायला लागले. मीही हसले, पण त्यांचं हसणं खोकल्यात गेलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं.

घरी पोचल्यावर मी चपलाही काढल्या नाहीत. "अम्मी, आज अब्बा चालले. सायकल खांद्यावर घेऊन चालले. जाड भाकर आज त्याह्यची."

"पोट्टीचं काय आयकतं," अब्बा म्हणाले. "थोडासा चिखल होता."

अम्मीनं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि भाकर त्यांच्या ताटात ठेवली. पण रफीकही त्याच पावसातून टोपली घेऊन आला होता. त्याच्या टाचेत काच की काटा शिरून रक्त निघत होतं. अब्बांनी ते पाहिलं आणि भाकर त्याच्या ताटात सरकवली. रफीकनं परत केली.

"खा ना, अब्बा."

"तुह्ये पाय पाह्य अगोदर."

"माह्ये पाय गेले खड्ड्यात. तुमी आरशात पाह्यलं का?"

"बापाले आरसा दाखवतं का बे?"

भाकर इकडून तिकडे, तिकडून इकडे. अम्मीचा चेहरा लाल झाला. तिनं ती भाकर दोघांच्या मधून उचलली. "नका खाऊ कोणीच!" म्हणाली आणि दाराबाहेर बकरीपुढं टाकली. आम्ही चौघं आत बसलो होतो आणि बाहेर बकरी खात होती. कडक जाड भाकरीचा तो करकर आवाज संपेपर्यंत कोणी घास उचलला नाही. दुसऱ्या दिवशी भाकर पुन्हा रफीकच्या ताटात होती आणि अब्बा सायकल पुसत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते वाशीमच्या रस्त्यावर पडले. पडले असं आम्ही म्हणतो. ज्यांनी पाहिलं ते शेतातले गडी वेगळं सांगत होते. "मनियारानं चढावर सायकल थांबवली, स्टँडवर लावली, पेटीची दोरी चाचपली, अन् मंग तिच्या सावलीत आडवा झाला. आमाले वाटलं आराम करून राह्यला." बराच वेळ उठले नाहीत तेव्हा ते गडी गेले. एका जीपवाल्यानं त्यांना वाशीमला नेलं. पेटीतली एकही बांगडी फुटली नव्हती.

अम्मी आणि मी एसटीनं गेलो. मामू आधीच तिथं होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अब्बांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, छाती बराच वेळ ऐकली आणि अम्मीला विचारलं, "खातात काय हे?"

"बसल्या माणसाले पुरते तेवढं, साहेब."

"बसून असतात? काम काय करतात?"

"सायकलवर गावं फिरते."

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. रागावले नाहीत. खरंच कळलं नाही म्हणून विचारावं तसं विचारलं, "मग पायडल कोण मारतं, बाई?"

अम्मीनं मान वळवली. ती मामूकडे बघत राहिली. मामू, जो कधी गप्प बसत नाही, तो आपल्या नखांमधलं काळं तेल कोरत होता. मग फार हळू म्हणाला, "म्या एका गावाचं सांगतलं होतं, बहीण. दिवसाचं नाई."

माझी नात सना आता वाशीमला शिकते. परवा मोबाईलवर वाचून मला सांगत होती, दादी, चालण्यापेक्षा सायकलला कितीतरी कमी ताकद लागते, तेवढ्याच खाण्यात माणूस तिप्पट-चौपट जातो, जगात एवढं किफायतशीर वाहनच नाही. मी म्हटलं, "हाव, माहीत हाये." तिला वाटलं मी थट्टा करतेय. किफायत झाली ना आमच्याकडे, झाली. पण ती घरात उतरलीच नाही, ती रस्त्यातच लांब होत गेली, पुढच्या गावापर्यंत, आणि मग त्याच्या पुढच्या. जितकं कमी लागतं तितकं माणूस जास्त जातो. आणि ज्याला कमी लागतं त्याला कमी वाढायचं, हे आम्ही कुठल्या वाईटपणानं केलं नाही, न्याय म्हणून केलं. अब्बांनीच केलं. अशा गोष्टीत मग कोणावर रागवायचं, सांगा.

डॉक्टरांनी चालायला मना केलं, सायकलला तर हात लावायचा नाही. हृदय थकलं होतं, अंगात रक्त नव्हतं. थोडं थोडं खाऊ घाला म्हणाले. अम्मीनं घरी आल्यापासून सगळ्याच भाकरी जाड थापायला सुरुवात केली. कुठून कुठून दूध आणलं, तूप आणलं, कोंबडीचा रस्सा केला. अब्बांची खाट तिनं ओट्यावर हलवली, जाणारे-येणारे दिसावेत म्हणून. सायकल रफीक नेऊ लागला आणि जाताना तो तिच्यावर घरासमोर बसायचा नाही, कोपऱ्यापर्यंत हातानं ढकलत न्यायचा. अब्बा ताटाकडे बघायचे आणि पाणी प्यायचे.

"खा ना जी थोडं," अम्मी म्हणायची. "किती हात जोडू?"

"कायले?" ते म्हणायचे. "मी कुठं जाऊन राह्यलो?"

अम्मीनं विनवलं, अम्मी चिडली, अम्मी आत जाऊन रडली. रफीकनं एकदा ताट आपटलं. अब्बा कोणावरही रागावले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं की न चालणाऱ्या, पायडल न फिरवणाऱ्या, खाटेवर पडलेल्या माणसानं कशाच्या नावावर खावं. एवढं आयुष्य त्यांनी ते पायाच्या नावावर खाल्लं होतं.

मग एक दिवस मी म्हणाले, "चला अब्बा, फाटकापर्यंत जाऊन येऊ." खाटेपासून अंगणाचं फाटक म्हणजे काय, माणूस खाकरला तर ऐकू जाईल एवढं. ते माझ्याकडे बघत राहिले. अम्मी दारात उभी होती. तिला डॉक्टरांचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं, पण ती आत वळली. अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही गेलो, फाटकाला हात लावला, आलो. मी ताट आणलं. त्यांनी चतकोर भाकर खाल्ली. त्या दिवसापासून आमचं ते रोजचं झालं. एवढ्या चालण्यात त्यांच्या अंगातून जेवढं जायचं तेवढं त्या चतकोरातून परत येत नसणार. पण न चालता तर तेही पोटात जात नव्हतं. अम्मी रोज त्या वेळेला बरोबर चुलीपाशी काहीतरी काम काढायची आणि आमच्याकडे पाठ करून बसायची.

थंडी संपायच्या आत अब्बा गेले. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही. ते ज्यांना माहीत असायचं त्यांना आहे. मला त्याच्या आधीची एक दुपार लिहायची आहे, म्हणजे झालं.

ऊन कोवळं होतं. फाटकापर्यंत जायला आम्हाला खूप वेळ लागला. मधे दोनदा थांबलो. पहिल्यांदा थांबलो तेव्हा अब्बा रस्त्यावरच्या एका एसटीबद्दल काहीतरी बोलले, दुसऱ्यांदा बोलले नाहीत. परत येऊन ते खाटेवर टेकले आणि श्वास खाली बसेपर्यंत डोळे मिटून राहिले. मी भाकर आणली आणि वाटीतल्या दुधात कुस्करायला घेतली.

"कुस्करू नको," ते म्हणाले. "हातात दे."

जाड भाकर होती, आरावर शेकलेली, कडक. त्यांनी ती दोन्ही हातांनी मोडायला घेतली. मी हात पुढे केला तर मानेनंच नको म्हणाले. बऱ्याच वेळानं ती मोडली, वेडीवाकडी. एक तुकडा त्यांनी आपल्या मांडीवर ठेवला आणि दुसरा माझ्यापुढे धरला.

"मले नको, अब्बा. मी जेवली."

"घे," ते म्हणाले. "तूबी तं चालली माह्यासंगं."

मोठा तुकडा माझा होता. मी तो सगळा खाल्ला, कारण ते बघत होते.